मोठ्या बाबांच्या पेटीतल्या डिस्को रेकॉर्डी: री-एडिटच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

मोठ्या बाबांचा भोंगा सेट होता. १९७८ पासून पुढं तेरा-चौदा वर्षं दारव्हा तालुक्यातल्या वीसेक गावांत लग्न म्हणा, पोळा म्हणा, सप्ताह म्हणा, त्यांचीच बैलगाडी आणि त्यांचाच भोंगा. कॅसेट आली तशा रेकॉर्डी पेटीत गेल्या आणि पेटी माळ्यावर गेली. आज ती खाली काढली. पत्र्याची पेटी, वरून कुटाराची धूळ, आत ६३ रेकॉर्डी. छोट्या ४५ च्या (आकडा म्हणजे मिनिटाला किती फेरे) ३४, ३३ च्या मोठ्या एलपी २५ आणि जुन्या लाखेच्या ७८ वाल्या ४. निम्म्यांना कव्हर नाही, सात-आठ जणींचं लेबल झुरळांनी खाल्लेलं.

काम काय करायचं ते लिहून ठेवतो. चुलत बहिणीचं लग्न ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, हळद २९ ला. हळदीला डीजे येणारच, त्यात ह्या पेटीतली दोन-तीन गाणी नाचता येतील अशी करून वाजवायची. रिमिक्स नाही, री-एडिट. म्हणजे वरून नवा ढोल, नवा आवाज काहीच टाकायचा नाही, रेकॉर्डवर जे आहे तेच कापायचं, जोडायचं, आणि जिथं पाय थांबत नाहीत तो तुकडा जास्त वेळ चालू ठेवायचा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला टॉम मोल्टन, वॉल्टर गिबन्स ही डिस्कोची माणसं टेप ब्लेडनं कापून, चिकटपट्टी लावून हेच करत होती. आपल्याकडं लॅपटॉप आहे, तेवढा फरक.

गाजलेली गाणी घेणार नाही. ती सगळ्यांकडं आहेत. मला पाहिजे ती बी साइडची, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूची, टायटल म्युझिकची, ज्यात मधेच गाणारा थांबतो आणि नुसता बेस-ड्रम चालतो तशी.

९ जानेवारी

मोठ्या बाबांचा जुना सूटकेसवाला प्लेअर फिरतो, पण त्याची सुई इतकी जड की चांगली रेकॉर्ड त्यावर ठेवायची हिंमत होत नाही. नागपूरहून सेकंडहँड बेल्टवाला टर्नटेबल आणला, ६,५०० रुपये, एसटीनं मांडीवर ठेवून.

आल्या आल्या वायर थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावली. आवाज आला तो डब्यातून आल्यासारखा, बेस नावाला नाही, वरचा भाग किर्र. अर्धा दिवस मला वाटलं की रेकॉर्डच तशा आहेत. तसं नाही. कारखान्यात रेकॉर्डवर खाच कापताना बेस मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच एवढी रुंद होईल की गाणं मावणार नाही, आणि वरचा आवाज मुद्दाम वाढवतात म्हणजे खरखर दबते. वाजवताना ते उलटं करावं लागतं, आणि ते काम फोनो प्रीअँप करतो. तो नसेल तर पुढचं काहीच करू नका. फोनो असलेला छोटा यूएसबी इंटरफेस, म्हणजे प्लेअरचा आवाज लॅपटॉपात घेणारी डबी, मागवला, ३,४०० रुपये, सात दिवसांनी येईल म्हणाले, अकरा दिवसांनी आला.

१९ जानेवारी

इंटरफेसची वाट पाहता पाहता स्पीड तपासला. कागदावर स्ट्रोबची चकती छापली, ५० हर्ट्झच्या लाइटखाली १८० रेघा, ३३ च्या स्पीडला बरोबर फिरत असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. खोलीतल्या एलईडीखाली नुसतं करडं दिसलं. तासभर बल्ब बदलत बसलो. मग कळलं की चांगला एलईडी लुकलुकतच नाही, तर रेघा थांबतील कशा. गोठ्यात जुनी चोकवाली ट्यूबलाइट आहे, तिच्याखाली प्लेअर नेऊन ठेवला तर लगेच दिसलं की रेघा हळूहळू मागं सरकून राहिल्या आहेत. मागं म्हणजे स्पीड कमी.

किती कमी ते मोजायची सोपी रीत: रेकॉर्डच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि १०० फेरे मोजा. ३३ १/३ चा स्पीड बरोबर असला तर १०० फेऱ्यांना बरोबर ३ मिनिटं, म्हणजे १८० सेकंद लागतात. माझ्याला १८४.५ लागले. म्हणजे जवळपास अडीच टक्के हळू, हार्मोनियमच्या एका पट्टीच्या अर्ध्याला थोडा कमी एवढा सूर उतरलेला. बेल्ट ढिला होता. नवीन बेल्ट ४५० रुपये, तो आल्यावर १८०.२. एवढं चालते.

सुई पण झिजलेली होती म्हणून नवीन कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी) बसवलं, ३,२०० रुपये. मागं चार बारीक वायरी असतात: पांढरी, निळी, लाल, हिरवी. रात्री साडेदहाला, मोबाइलच्या टॉर्चवर बसवलं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढं हिनंच सगळा घोळ केला.

२६ जानेवारी

धुवायला बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं (बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच ॲसिडची बाटली असते), त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. मऊ रंगाचा ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल, मग नुसत्या पाण्यानं, मग सुती धोतराच्या तुकड्यानं टिपायचं. घरचा कापूस वापरू नका, रेषे खाचेत अडकतात आणि सुईला गोळा होऊन बसतात.

आज एक रेकॉर्ड मी मारली. लाखेच्या चार होत्या त्यातली एक त्याच पाण्यानं धुतली. फडकं काळं व्हायला लागलं, मला वाटलं चाळीस वर्षांचा मळ निघून राहिला, खूश होऊन अजून घासलं. मळ नव्हता, रेकॉर्डच निघत होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ७८ ची, जड, पडली तर काचेसारखी फुटणारी रेकॉर्ड असेल तर तिला अल्कोहोलचा थेंब लावू नका, साधं पाणी आणि साबण, बस. ती रेकॉर्ड मोठ्या बाबांच्या वडलांनी यवतमाळहून आणलेली होती. मी त्यांना जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाही, उरलेल्या तीन उचलून आपल्या कपाटात ठेवल्या. बरोबरच केलं त्यांनी.

३ फेब्रुवारी

इंटरफेस लावला, आवाज भरदार आला, आणि त्याच्याखाली सारखी घूंऽऽ. अर्थिंगची वायर लावली, कमी झाली पण गेली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला तर निम्मी गेली. उरलेली निम्मी प्लेअरच्या अडॅप्टरची. आमच्या घराचं अर्थिंग म्हणजे तुळशीजवळ गाडलेली एक सळई आहे, उन्हाळ्यात जमीन वाळली की तिचा काही उपयोग नाही. वरून रात्री शेतीची लाइन आली की गावातले पंप सुरू होतात, व्होल्टेज पडते आणि मोटरचा सूर बदलल्यासारखा वाटतो.

उपाय घरातच सापडला. प्लेअरच्या अडॅप्टरवर लिहिलं आहे १२ व्होल्ट डीसी. फवारणीच्या बॅटरी पंपात पण १२ व्होल्टचीच बॅटरी असते. पंप धुऊन बॅटरी काढली, जुन्या अडॅप्टरची पिन कापून तिला जोडली. मधला प्लस आहे की बाहेरचा ते मीटरनं दोनदा तपासा, चुकलं तर मोटरचं सर्किट जाईल. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर, प्लेअर पंपाच्या बॅटरीवर, भिंतीला एकही वायर नाही. हेडफोन लावून सुई खाली ठेवली तर घूं अजिबात नाही, नुसती खाचेची सळसळ. ८ एएचची बॅटरी एका चार्जमध्ये रात्रभराचं काम सहज काढते, लाइट असो की नसो. ह्या सगळ्या कामात हीच एक गोष्ट मला पहिल्या झटक्यात जमली, आणि खेड्यात हे करणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच करावं असं माझं मत आहे.

१५ फेब्रुवारी

आठ रात्रीत १४ बाजू रेकॉर्ड केल्या. वेळ रात्री साडेअकरा ते तीन, कारण दिवसा ट्रॅक्टर गेला तरी सुई हलते. प्लेअर फरशीवर ठेवला, खाली दोन गोणपाटं.

दोन तुकडे मिळाले. पहिला एका छोट्या ४५ च्या बी साइडवर, बहुतेक कुठल्यातरी सिनेमाचं टायटल म्युझिक, लेबल वाचता येत नाही. मधे ११ सेकंद सगळे थांबतात आणि नुसता बेस, ड्रम आणि एक हात-टाळी चालते. ती ११ सेकंद मी त्या रात्री पंचवीस वेळा ऐकली असतील.

दुसरा एका एलपीवर, नुसतं सिंथ (सिंथेसायझर) आणि ऑर्गन, गाणारा कोणी नाही, कव्हरच नाही. असल्या बेवारशी रेकॉर्डी मी टाकत नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ह्या सिंथ-ड्रमच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, ती रेकॉर्ड २०१० मध्ये परत निघाली तोवर जवळपास कोणाच्या लक्षात नव्हती, आणि ती वाजवणारा माणूस मुंबईतलाच, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा होता.

अडचण एकच, हा सिंथचा तुकडा बाजूच्या अगदी शेवटी आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर सरकते, आत लेबलाजवळ २१ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून शेवटचं गाणं चरचरते. कार्ट्रिजचा कोन कागदी मापानं परत लावला, चरचर अर्धी झाली, उरलेली तशीच ठेवली.

२२ फेब्रुवारी

पहिली एडिट. आधी टकटक काढायची म्हणून ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमधलं क्लिक काढायचं टूल पूर्ण गाण्यावर जोरात चालवलं. टकटक गेली आणि त्याच्याबरोबर हात-टाळीची धार पण गेली, टाळी उशीवर मारल्यासारखी वाटायला लागली. कॉम्प्युटरला काय कळते, त्याच्यासाठी टाळी पण टकटकच आहे. परत मूळ फाइलवर आलो आणि एकेक टक हातानं काढली. त्याला रिपेअर म्हणून टूल आहे, एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पलच (आवाजाचे बारीक ठिपके) घेते, म्हणजे ३ मिलिसेकंदाहून कमी. ४५ च्या रेकॉर्डवर एक आडवा ओरखडा असला तर दर १.३३ सेकंदाला एक टक येते (३३ वर दर १.८ ला), त्यामुळं एक सापडली की पुढची कुठं असेल ते मोजून शोधता येते. ११ सेकंदांच्या तुकड्यासाठी चार तास लागले. लूप करायचा, म्हणजे परत परत फिरवायचा तुकडा असेल तर तेवढे द्याच, कारण त्यातली एक टक गाण्यात दहा वेळा वाजणार आहे.

२ मार्च

लूप केला. ड्रमर माणूस होता, मशीन नाही, त्यामुळं गाणं सुरुवातीला मिनिटाला ११६.५ ठोक्यांनी चालते आणि शेवटी १२० ला पोचते. मी सगळे ठोके ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या सारख्या अंतराच्या रेघांना, खेचून ११८ वर सरळ केले. स्क्रीनवर इतकं सुंदर दिसत होतं.

संध्याकाळी ओट्यावर छोट्या स्पीकरच्या जोडीवर लावलं. मोठे बाबा खाटेवर होते. ते पन्नास वर्षांपासून गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात, तुकडोजी महाराजांच्या भजनांची ती खंजिरी. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “हे बीचमंधी लंगडून कावून राह्यलं बे?”

मी म्हटलं, “मोठे बाबा, ठोके एकदम मापात आहेत.”

“मापात अशीन. पन सम तुयी मांग राह्यते. आयक.” आणि खाटेच्या लाकडावर कहरवा धरला त्यांनी, दोन बोटांनी. जिथं लूप परत पहिल्यापासून सुरू होतो तिथं त्यांचं बोट पडायचं आणि माझी किक (मोठ्या ड्रमचा ठोका) त्यानंतर यायची. केसभर. पण एकदा दिसलं की दर वेळी तेच दिसते.

झालं होतं काय, मी तुकडा कापताना किकच्या आधीची थोडी शांतता बरोबर घेतली होती, १५ मिलिसेकंद असेल, आणि सगळ्या ठोक्यांना सरळ केल्यावर बेसवाला जो किकच्या जरासा पुढं वाजवत होता ती ओढच मेली होती. दोन्ही दुरुस्त केलं. ग्रिड पूर्ण काढून टाकला. कापायची जागा किकच्या अगदी तोंडाशी, जिथं लाट शून्याला येते तिथं, आणि जोडावर ५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरता विरता दुसरा वर येतो. आता फक्त दर चार बारच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) पहिल्या ठोक्याला हलकं जागेवर आणलं आहे, आतलं सगळं ड्रमरवर सोडलं. आणि ११ सेकंदातला पहिला बार वापरायचा नाही हे पण कळलं, त्यात गाणारीच्या ‘आऽ’ ची शेपटी लोंबते आणि लूप केला की ती दर वेळी परत येते. नंतरचे चार बार साफ आहेत, ८.१ सेकंद. त्यावरच सगळी एडिट उभी आहे.

मोठे बाबांनी परत ऐकलं, काही म्हणाले नाही, पण बोटं चालू होती.

१६ मार्च

धुळवडीचा गोंधळ संपल्यावर बाजूच्या गावातल्या डीजेवाल्या दादाच्या गोडाऊनमध्ये टेस्ट. चार बेस, दोन टॉप. पेनड्राइव्ह लावला.

बेस गायब. किक गायब. सिंथचा मुख्य सूर पण नाही. नुसती टाळी, गुंजन आणि सळसळ, जसं बाजूच्या खोलीत कोणी काहीतरी वाजवून राहिलं. दादा म्हणाले, “भाऊ, तुमच्या गाण्याले खालचा आवाजच नाही.” हेडफोनवर तर हेच गाणं इतकं मोठं, इतकं पसरलेलं वाटत होतं! मला ते आवडलं होतं, जुन्या रेकॉर्डीत काहीतरी खास असते असं वाटलं होतं.

२७ मार्च

अकरा दिवस लागले. आधी वायर खराब समजून नवीन घेतली, ६५० रुपये. मग सहा बाजू परत रेकॉर्ड केल्या, पाच रात्री, तेच. मग इंटरफेसवर शंका. शेवटी काल दुपारी उन्हात प्लेअर घेऊन बसलो आणि कार्ट्रिजच्या मागं पाहिलं. पांढरी डाव्याची प्लस, निळी डाव्याची मायनस, लाल उजव्याची प्लस, हिरवी उजव्याची मायनस. माझी लाल हिरव्याच्या जागी आणि हिरवी लालच्या.

म्हणजे उजवा चॅनेल उलटा. डावीकडं लाट वर जाते तेव्हा उजवीकडं खाली. हेडफोनवर दोन कान वेगळे असतात म्हणून तो आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पण गावातला डीजे सेट मोनो असतो, दोन्ही चॅनेल एकात मिसळतात, आणि जे मधोमध आहे म्हणजे दोन्हीत सारखं, किक, बेस, गाणारा, ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरते फक्त कडेचं.

आणि जे मला सगळ्यात लागलं ते हे, की परत रेकॉर्ड करायची गरजच नव्हती. ऑडॅसिटीत स्टीरिओ ट्रॅक वेगळा करायचा, उजवा सिलेक्ट करायचा, इन्व्हर्ट म्हणायचं, परत जोडायचा. सगळ्या फाइली मिळून वीस मिनिटं. किक अशी मधोमध येऊन बसली की मी खुर्चीतून उठलो.

तुम्ही हे काम करणार असाल तर पहिली बाजू रेकॉर्ड झाल्या झाल्या ती मोनो करून ऐका. दहावी नाही, पहिली. बेस कमी झाला तर तिथंच थांबा.

१२ एप्रिल

१४ एप्रिलच्या जयंतीसाठी दादाच्या गाड्या उद्यापासून बाहेर, म्हणून आजच दुसरी टेस्ट. गोडाऊनमध्ये आठ-दहा पोट्टे होते, सामान चढवायला आलेले. त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं लावलं.

बेस आला, छातीत आला. पण दोन गोष्टी चुकल्या. एक, बेसचे पडदे आवाज नसतानाही आत-बाहेर हलत होते. ती प्लेअरच्या मोटरची आणि वाकड्या रेकॉर्डची खालची घरघर, कानाला ऐकू येत नाही पण मोठा स्पीकर ती ढकलत बसतो आणि त्यात त्याची ताकद जाते. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं.

दुसरी मोठी. मी पुस्तकी पद्धतीनं सुरुवातीला १६ बार नुसते ड्रम ठेवले होते, म्हणजे आधीच्या गाण्यात मिसळायला डीजेला सोपं. साडेबत्तीस सेकंद. पोट्टे पहिल्या दहा सेकंदांत मान हलवायला लागले, वीसपर्यंत उभे राहिले, तिसाव्या सेकंदाला दोघं पाणी प्यायला गेले. आपल्याकडं डीजे मिसळत नाही, एक गाणं तोडून दुसरं टाकतो, आणि लोकांना पहिल्या फटक्यात काहीतरी पाहिजे. सुरुवात ४ बारची केली, त्यात पण दुसऱ्या बारपासून सिंथचा एक सूर येतो. मधला ब्रेक (नुसता बेस-टाळीचा तुकडा) मात्र पोट्ट्यांनी दोनदा परत लावायला सांगितला. एकजण म्हणाला हे धुमालसारखं चालते. नागपूरकडची वरातीत वाजणारी धुमाल पार्टी ज्यानं ऐकली त्याला कळेल की ही किती मोठी पावती आहे.

आवाज पण कमी पडला. आजच्या गाण्यांपुढं जुनी रेकॉर्ड हळूच असते. लिमिटरनं (टोकं दाबून बाकीचा आवाज वाढवणारं टूल) ४ डीबी उचलला. ६ करून पाहिला होता, टाळी परत चपटी झाली, म्हणून ४ वर थांबलो.

१८ एप्रिल

पारा ४४. धुतलेल्या रेकॉर्डी पश्चिमेच्या भिंतीला तिरप्या टेकवून ठेवल्या होत्या, संध्याकाळी पाहिलं तर दोन एलपी ताटलीसारख्या वाकल्या. एकीची दुसरी बाजू अजून रेकॉर्ड व्हायची होती. दोन काचांच्या मधे ठेवून पत्र्यावर उन्हात सरळ करायला गेलो, सरळ तर झाली पण खाचा दबल्या, आता सुई घसरते. हा उपाय करू नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात रेकॉर्डी सरळ उभ्या, घट्ट, एकमेकींना टेकून, घराच्या मधल्या खोलीत. मोठे बाबा भोंग्याच्या काळात त्या धान्याच्या कोठीमागं ठेवायचे. मला विचारायला पाहिजे होतं.

२९ एप्रिल, हळद

रात्री दहाला आवाज बंद करावाच लागतो, नियम आहे, म्हणून दादांना आधीच सांगितलं की शेवटी नाही, पावणेनऊच्या आसपास. ८:५० ला लावलं. ६ मिनिटं २० सेकंद.

पहिल्या मिनिटाला पोरं थोडी बावरली, गाणं ओळखीचं नाही. मग पहिला ब्रेक आला, बेस आणि टाळी, आणि आत्या मधे आल्या. हळदीनं माखलेले दोन्ही हात वर करून त्या टाळीच्या जागी बरोबर टाळी वाजवायला लागल्या, त्यांच्यामागं मावशी, मग नवरीच्या मैत्रिणी. रेकॉर्डवरची टाळी आणि मंडपातली टाळी एकच झाली. दुसरा ब्रेक सगळ्यात चांगला गेला, ८ बार. तिसरा मी १६ बारचा ठेवला होता, तो लांबला, बाराव्या बारला लोक एकमेकांकडं पाहायला लागले. तो ८ वर आणायचा.

सिंथचं दुसरं गाणं १५ फेब्रुवारीच्या नोंदीत लिहिलेल्या चरचरीसकट वाजलं, मंडपात कोणाला ऐकू आली नाही.

मोठे बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, स्पीकरपासून दूर. मी जवळ गेलो तर म्हणाले, “ह्या रेकॉर्डीवर तुया बापाची वरात वाजली व्हती. बी साइड तवा कोनी लावू देत नव्हतं.”

६ मे

खर्च: टर्नटेबल ६,५००, बेल्ट ४५०, कार्ट्रिज ३,२००, इंटरफेस ३,४००, वायर ६५० (ही वाचली असती), धुण्याचं सामान ४८०, नागपूरचं जाणं-येणं ७००. एकूण १५,३८०. वेळ साधारण १४० तास, त्यातले ४० उलट्या वायरीत गेले.

पोट्टे फाइल मागून राहिले, दादा म्हणतात चॅनेलवर टाकू. नाही टाकणार. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत ज्याची त्याची. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत आणि लग्नाच्या समारंभात वाजवायला सूट आहे, छापायला, विकायला, नेटवर टाकायला नाही. पुढच्या लग्नाला बोलवा, पेनड्राइव्ह घेऊन येतो.

तिसऱ्या ब्रेकची दुरुस्ती आज केली. पेटीतल्या छोट्या रेकॉर्डींपैकी २१ अजून धुवायच्या आहेत. पंपाची बॅटरी जूनमध्ये परत पंपात जाईल, पऱ्हाटीला पहिली फवारणी लागली की ती मिळणार नाही, म्हणून महिनाभरात जेवढ्या बाजू होतील तेवढ्या घेतो. मोठ्या बाबांनी काल कपाट उघडून लाखेच्या तीन रेकॉर्डी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्यांना ७८ ची वेगळी, जाड सुई लागते, ती मागवली आहे.